इको-स्पोर्ट मोड: मॅन्युअल वेगळी, ऑटोमॅटिक वेगळी
गाडीतला इको (इंधन वाचवणारा) किंवा स्पोर्ट (जोरकस) 'मोड म्हणजे शोभेचं बटण' असं काही जण म्हणतात, ते मॅन्युअल गाडीपुरतं बरंचसं खरं आहे. तिथे मुख्यतः ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद बदलतो. इकोत तेवढ्याच ताकदीसाठी पेडल जास्त दाबावं लागतं. मुळात पाय हलका असेल तर मायलेजमध्ये फारसा फरक दिसणार नाही. काही गाड्यांत इको एसीचा कॉम्प्रेसरही आवरता घेतो, मे महिन्यात ते लगेच कळतं!

ऑटोमॅटिकमध्ये मात्र इको गियर लवकर वर टाकतो. खंबाटकी घाट चढताना गाडी चौथ्यात रेंगाळते, पेडल दाबलं की धपकन तिसऱ्यात येते, पाय उचलला की पुन्हा चौथ्यात. ही धरसोड ओव्हरटेक करताना नेमकी नडते. चढाला स्पोर्ट लावा, तोही ट्रकच्या मागून बाहेर पडायच्या आधी. उतारावर मोडच्या भरवशावर राहू नका. ऑटोमॅटिकचा गियर लिव्हर मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा-तिसरा गियर धरा, नाहीतर ब्रेक तापून पकड सुटते.

आणि हो, बऱ्याच गाड्या इंजिन बंद करून सुरू केल्या की आपोआप नॉर्मलवर येतात. 'इको लावूनही फरक नाही' म्हणणाऱ्यांनी आधी डिस्प्ले बघावा.