नेपाळमधला तिबेटी गालिच्यांचा धंदा एवढा वाढला कसा?

उनाडपप्पू:
१९५९ नंतर तिबेटी लोक नेसत्या कपड्यांनिशी हिमालय ओलांडून आले आणि वीस-तीस वर्षांत गालिचा नेपाळच्या मोठ्या एक्सपोर्टमध्ये गेला. भांडवल कुणाचं, गिऱ्हाईक कुठलं? की सगळी परदेशी मदतीची कृपा?

मृणाल_को:
मदत होती, पण कसब त्यांचंच. तिबेटात ग्यांत्सेकडे आधीपासून गालिचे विणायचे, बसायला-झोपायला साधारण ३ बाय ६ फुटांचा खादेन वापरायचे. इकडे आल्यावर नुसता शिधा वाटून किती दिवस भागणार, म्हणून १९६० च्या सुमारास रेड क्रॉस आणि स्विस मंडळींनी काठमांडूलगतच्या पाटणजवळ जावलाखेलला विणकाम सुरू करून दिलं. टोनी हागेन हा स्विस भूगर्भशास्त्रज्ञ त्यात पुढे होता. सुरुवातीचं गिऱ्हाईकही स्वित्झर्लंडच. पुढे तिबेट्यांनी स्वतःचे कारखाने काढले, काठमांडूतल्या बौद्धनाथ स्तूपाच्या आसपास तर बरेच.

लोकरीचा_गुंता:
विणायची पद्धत पण बघा ना. उभ्या मागावर आडवी सळई धरतात, धागा ताण्यातून घेत सळईवरून गुंडाळत जातात आणि ओळ झाली की सुरीने कापतात, झाली लव तयार. इराणीसारखी एकेक गाठ सुटी कापत बसायची नाही, त्यामुळे काम पटापट होतं. बाजारात चौरस इंचाला ६० गाठींचा माल जास्त चालायचा. तिबेटी लोकर पुरेना म्हणून न्यूझीलंडची मिसळायला लागले. शुद्धतावाले नाकं मुरडतात, पण त्याशिवाय एवढा माल निघाला असता का?

सडेतोड:
गोष्ट छान आहे पण अर्धीच सांगताय. तेजी आली तेव्हा मागावर बसलेले बहुतेक जण तिबेटी नव्हतेच, तामांग वगैरे डोंगरातले गरीब नेपाळी, त्यात लहान पोरंही. मुख्य गिऱ्हाईक जर्मनी. १९९४ ला तिथल्या टीव्हीवर बालमजुरी दाखवली आणि मागणी आपटली, मग बालमजुरी न वापरल्याची खूण म्हणून रगमार्कचं लेबल वगैरे आलं. माल भरमसाठ काढून क्वालिटीही घसरली होतीच, सगळं खापर टीव्हीवर फोडू नका. शिवाय रंगाचं नि धुलाईचं पाणी काठमांडूच्या नद्यांत.

उनाडपप्पू:
हे माहीतच नव्हतं. आणि भारतात आलेल्यांचं काय?

मृणाल_को:
दार्जिलिंगला निर्वासितांचं सेल्फ हेल्प सेंटर १९५९ लाच निघालं, धरमशालेतही विणतात. पण काठमांडूसारखी कारखानदारी इथे झाली नाही.