‘मस्ट’ पाठ करून येतं का?

खाजणकाठ
आमच्या गावच्या ग्रुपवर कालपासून एक पोस्ट फिरते आहे. कुणा क्लासवाल्याने लिहिलंय की इंग्रजीतल्या कॅन, शुड, मस्ट यांचे अर्थ समजावत बसणं म्हणजे पोरांचं वर्ष फुकट घालवणं. ‘शुड टेक अ ब्रेक’, ‘मस्ट मेक अ डिसिजन’, ‘कॅन डू द वर्क’ असे २०० तुकडे घोकून घ्या, मूल तीन महिन्यांत बोलतं. खाली पालकांचे अंगठ्यांवर अंगठे. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहिते.

रत्नागिरी तालुक्यात १४ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते आहे. कुठल्या नामाला कुठलं क्रियापद, या ठरलेल्या जोड्या पाठ कराव्या लागतात, त्याबद्दल माझं भांडणच नाही. आपण चूक करतो, गृहपाठ करतो, आंघोळ करतो, फोन करतो. एकट्या ‘करणे’वर आपला संसार चालतो. इंग्रजीत चुकीला ‘मेक’, गृहपाठाला ‘डू’, आंघोळीला ‘हॅव’ नाहीतर ‘टेक’. का, ते विचारून हाती काही लागत नाही, कानाला सवय हवी.

पण त्या जोडीच्या आधी येऊन बसणारा ‘मस्ट’ किंवा ‘कुड’ सवयीने येत नाही. समोरच्यावर माझा हक्क किती, मला खात्री किती, हे तो सांगतो. ‘ही मस्ट टेक द मेडिसिन’ म्हणजे त्याने औषध घेतलंच पाहिजे. ‘ही मस्ट हॅव टेकन द मेडिसिन’ म्हणजे घेतलं असणार. सक्ती गेली, अंदाज आला. तुकडे घोकलेली पोरं ‘काल मला जावंच लागलं’ याचं ‘आय मस्ट हॅव गॉन’ करतात, तिथे ‘हॅड टू’ हवं. हे त्या २०० तुकड्यांत कुठे कोंबणार?

चिरेबंदी
बाई, मी क्लासवाला नाही, राजापूरकडचा बागायतदार आहे, पण ती पोस्ट मला पटली. माझ्या पुतण्याला नियम तोंडपाठ होता: मोडलनंतर, म्हणजे कॅन, मस्ट असल्या शब्दांनंतर, क्रियापद मूळ रूपात, ‘टू’ नाही, ‘एस’ नाही. दहावीला त्याचे पैकीच्या पैकी मार्क. मुंबईला मुलाखतीला गेला आणि घाम पुसत परत आला, तोंडातून शब्द फुटला नाही. नंतर गोव्यात एका हॉटेलात लागला. तिथल्या कॅप्टनने नियम सांगितला नाही, वाक्यं दिली. ‘मे आय टेक युअर ऑर्डर’, ‘वुड यू लाइक टू हॅव सम टी’, ‘शॅल आय गिव्ह यू अ मिनिट’. महिनाभरात पोरगा ताठ मानेने बोलायला लागला. अर्थ मागाहून आला. तुमच्या १४ वर्षांत अशी किती पोरं बोलती झाली, ते सांगा.

माडाखालची
चिरेबंदी भाऊ, असल्याच पाठ केलेल्या वाक्यांनी माझी गिऱ्हाइकं दुरावली. तारकर्लीला आमच्या घरी पाहुणे उतरतात. सकाळी नऊनंतर लाइटचा भरवसा नसतो, म्हणून गरम पाण्याची आंघोळ आधी उरकावी, एवढंच मला सांगायचं होतं. भाचीने लिहून दिलेलं म्हटलं: ‘यू मस्ट टेक बाथ बिफोर नाइन.’ बाहेरदेशच्या बाई होत्या, दिवसभर गप्प. संध्याकाळी चहा दिला, घरचाच होता, पैसे द्यायची गरज नाही म्हणून म्हटलं, ‘यू मस्ट नॉट पे.’ त्या अजूनच बावरल्या. दोन दिवस आधी निघाल्या. त्यांच्या ड्रायव्हरने मागाहून सांगितलं, त्यांना बोर्डिंगात राहिल्यासारखं वाटलं. माझ्या घरात आलेला माणूस असा जावा, हे मला अजून खातं.

खाजणकाठ
ताई, हेच मी कंठशोष करून सांगते आहे. ‘दिलेच पाहिजेत असं नाही’ आणि ‘देऊ नका’ यांत मराठीत कुणाची गफलत होत नाही. इंग्रजीत ‘मस्ट’ला ‘नॉट’ जोडलं की थेट मनाई होते. गरज नाही म्हणायला ‘डोन्ट हॅव टू’ किंवा ‘नीडन्ट’ लागतं.

चिरेबंदी
थांबा. त्यांना तुकडा चुकीचा मिळाला. भाचीने ‘यू मे वॉन्ट टू हॅव अ बाथ बिफोर नाइन’ असं लिहून दिलं असतं तर? त्या बाई चार दिवस जास्त राहिल्या असत्या. ही गोष्ट माझ्या बाजूची आहे.

पावसपाणी
इंग्रजीचं काय व्हायचं ते होवो. या ‘कॅन’ने मराठीची जी दशा केली आहे, तिच्याकडे कुणी बघतं का? जेटीवर पाटी: ‘आपण तिकीट येथे घेऊ शकता.’ देवळात पाटी: ‘आपण चप्पल येथे काढू शकता.’ अहो, ‘तिकिटे येथे मिळतील’, ‘चपला येथे काढाव्यात’! माझी नात म्हणते, ‘आजोबा, मी पोहू शकते.’ आमच्या वेळी ‘मला पोहता येतं’ म्हणत. येणं म्हणजे शिकून अंगी आलेली गोष्ट. शकणं म्हणजे आत्ता, या घडीला, होण्यासारखं असणं. ‘मला पोहता येतं, पण या उधाणात मी पोहू शकणार नाही.’ समुद्राकाठच्या माणसाला हा फरक कळला नाही तर जिवावर बेतेल.

बांधावरचा
आजोबा, ‘शकणे’ इंग्रजीने आणलेलं नाही. ते थेट संस्कृत ‘शक्’पासून आलेलं, जुनं आहे. उगाच साहेबावर खापर फोडू नका.

पावसपाणी
शब्द जुना आहे, मला ठाऊक आहे. जिथे तिथे घुसवायची खोड नवी आहे, आणि ती भाषांतर करणाऱ्यांनी लावली. फोनवर ऐका: ‘आपण एक दाबू शकता.’ दाबू शकतो हो, बोट शाबूत आहे! ‘एक दाबा’ म्हणायला काय होतं?

बांधावरचा
माझी आई अजून ‘माका सायकल चलवूक येता’ असंच म्हणते, ‘शकतंय’ नाही म्हणत. तेवढ्यापुरतं तुमचं खरं. पण नात बोलते ती पण मराठीच आहे. प्रत्येक पिढीला तुम्ही लोक चुकीची ठरवत आलात, म्हणून पोरं मराठीत बोलायलाही बिचकतात.

पावसपाणी
‘तुम्ही लोक’ कोण? मी ३० वर्षं बिनपगारी वाचनालय चालवलंय. मला पोरांचा वैरी म्हणू नका.

बांधावरचा
वैरी म्हटलं नाही. ‘तुम्ही लोक’ मागे घेतो. बाकीचं नाही.

बत्तीवाला
मालवाहू जहाजावर २२ वर्षं काढली, सध्या सुट्टीवर गुहागरला आहे. बोलणं कुठून कुठे गेलं, पण एक सांगण्यासारखं आहे. जहाजांच्या आपसातल्या बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ठरावीक इंग्रजी वाक्यं मंजूर केली, स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस. परीक्षेसाठी आम्ही ती घोकलेली आहेत. त्यात मे, माइट, शुड, कुड जपून, म्हणजे टाळायचेच असं बजावलेलं आहे. ‘मे आय एंटर द फेअरवे’ (फेअरवे म्हणजे जहाजांची ठरलेली वाट) असं विचारायचं नाही. आधी ‘क्वेश्चन’ म्हणायचं, मग ‘डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे’. ‘यू कुड बी रनिंग इंटू डेंजर’ नाही, ‘वॉर्निंग. यू आर रनिंग इंटू डेंजर.’ ‘यू शुड अँकर’ नाही. ‘अॅडव्हाइस’ म्हणून पुढे सरळ ‘अँकर’. ‘कॅन’बद्दलही ताकीद आहे, कारण जमेल का आणि चालेल का, दोन्ही त्यातच. फिलिपिनो, युक्रेनी, चिनी आणि आपला दाभोळचा पोरगा, चौघांनी वायरलेसवर एकच अर्थ घ्यायचा असतो.

चिरेबंदी
झालं की! हजारो माणसांच्या जिवाचा प्रश्न, आणि तिथेही घोकंपट्टीच कामाला येते.

खाजणकाठ
घोकंपट्टी कामाला यावी म्हणून आधी मोडल काढून टाकावे लागले, ते वाचलंत का? नुसतं पाठ करून त्यांचा अर्थ पक्का राहत नाही, म्हणूनच ते काढले. आणि पावसपाणी काका, तुम्ही धागा पळवलात म्हणून चिडले होते, पण बत्तीवाल्यांनी सांगितलेली ‘कॅन’बद्दलची ताकीद आणि तुमचं पोहण्याचं वाक्य शेजारी ठेवलं तर कोडं सुटतं. पोहता येतं, पोहू शकतो, पोहायची परवानगी आहे: मराठीत तीन निराळ्या जागा, इंग्रजीत तिन्हींवर ‘कॅन’ जाऊन बसतो. सोमवारी नववीला तुमच्याच वाक्याने सुरुवात करणार आहे.

चिरेबंदी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. बोलती झालेली पोरं माझ्याकडे थोडीच आहेत. वर्गात ६० मुलं, तास ३५ मिनिटांचा. हॉटेलातल्या कॅप्टनसारखं रोज प्रत्येकाकडून बोलून घ्यायला मला मिळत नाही. तेवढं तुमचं खरं आहे, आणि ते लिहिताना मला बरं वाटत नाही.

चिरेबंदी
पुतण्याला आज फोन केला. म्हणाला, ‘मे आय’ आणि ‘कॅन आय’ यांतला फरक अजून नीट कळत नाही, म्हणून दोन्हीकडे ‘मे’ लावतो, कुणी रागावत नाही. हे तुमच्या पारड्यात टाका. पण आधी त्याचं तोंड उघडलं, मग त्याला हा प्रश्न पडला, एवढं मी सोडणार नाही.

माडाखालची
तुमचं भांडण चालू दे. बाई, शनिवारी पाहुणे येतायत. घरचा चहा आहे, पैसे नकोत, हे नेमकं कसं म्हणू?

खाजणकाठ
‘यू डोन्ट हॅव टू पे फॉर द टी.’

माडाखालची
लिहून घेतलं. आणि आंघोळीचं? ‘मे वॉन्ट टू’ चालेल ना?

खाजणकाठ
चालेल. चिरेबंदींनी दिलेलं आहे तसंच म्हणा.