३१ वर्षं संघ सांभाळलेल्या सरांनंतर शाळेचा फुटबॉल संघ घेताना (बडोदा)

मांडवीकर: आमच्या शाळेचे फुटबॉलचे सर ३१ वर्षांनी या सत्राअखेर निवृत्त होताहेत. जूनपासून संघ माझ्याकडे येतोय. बी.पी.एड. आणि फुटबॉल कोचिंगचं डी लायसन्स आहे. जाण्यापूर्वी सरांकडून नेमकं काय घेऊन ठेवू?

लेफ्टबॅक: सगळ्यात आधी वही. इतकी वर्षं टिकलेल्या कोचकडे ती हमखास असते: जन्मतारीख, कुठला पाय, कुठल्या इयत्तेत आला, काय दुखावलं. झेरॉक्सवर भागवू नका, सरांना शेजारी बसवून एकेक नाव वाचून घ्या. वहीत नुसतं ‘गुडघा’ असतं. कुठला आणि कशानं, ते त्यांच्या डोक्यात.

मग जन्मदाखले. शालेय गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. शाळेच्या रजिस्टरात आणि दाखल्यात एका दिवसाचा फरक निघाला तरी फॉर्म अडकतो, आणि दुरुस्तीला वेळ लागतो. जूनमध्येच बघा.

जुनाव्हॉल्व्ह: सामानाचं कपाट उघडून बघा. ५ नंबरचेच बॉल असतील तर ४ नंबरचे मागवा. ४ नंबर ३५० ते ३९० ग्रॅम, ५ नंबर ४१० ते ४५०. सहावीच्या पोराला मोठा बॉल दिला की तो पायाच्या बोटांनी ढकलायला लागतो, आणि ती सवय नववीतही सुटत नाही.

हवा गेजनं मोजा. ५ नंबरला नियमानं ८.५ ते १५.६ पीएसआय, शाळेच्या कडक मैदानावर खालच्या टोकाजवळ ठेवा, नाहीतर बॉल डोक्यावरून उड्या मारतो. पंपाची सुई कोरडी खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो. आधी ग्लिसरीनचा एक थेंब.

दांडियाबाजार११: बडोद्याचं कॅलेंडर सरांना विचारून घ्या, ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

काळ्या मातीत पावसात खेळवलंत तर बुटांच्या खाचा ऑक्टोबरात वाळून दगड होतात, आणि घोटे तिथेच मुरगळतात. पाऊस उघडल्यावर माती अर्धी ओली असतानाच रोलर फिरवायचा. पूर्ण वाळल्यावर फिरवून उपयोग नाही.

नवरात्रात सकाळी सहाचा सराव बंद. रात्रभर अनवाणी गरबा करून पोरांच्या नडग्या आधीच ठणकत असतात. संध्याकाळी चाळीस मिनिटं पासिंग, बस.

उत्तरायणानंतर (संक्रांतीच्या पतंगांनंतर) १६ जानेवारीला सराव नाहीच. जाड हातमोजे घालून मोठ्या मुलांनी एका रांगेत मैदान चालून मांजा वेचायचा. गोलच्या जाळीत सगळ्यात जास्त अडकतो, आणि गोलकीपरची बोटं कापतात.

मांडवीकर: हे भारी आहे. एक अडचण: गोलकिक (गोलजवळून मारायची किक) पेनल्टी बॉक्सबाहेर गेल्याशिवाय सर कुणाला बॉलला हात... म्हणजे पाय लावू देत नाहीत.

लेफ्टबॅक: २०१९ पासून किक मारून बॉल हलला की खेळ सुरू. आपले खेळाडू बॉक्समध्येच पास घेऊ शकतात, प्रतिस्पर्ध्यांनी तोवर बाहेर राहायचं. हे जूनमध्येच बदला, बाकी वरच्या संघाची मांडणी वर्षभर जशीच्या तशी ठेवा.

सगळा जोर पाचवी-सहावीच्या नव्या भरतीवर लावा. निरोप समारंभाच्या गडबडीत नेमकी तीच राहून जाते. चार-पाच वर्षांनी १७ खालच्या संघात सेंटरबॅक (बचावाच्या मधला खेळाडू) सापडत नाही, आणि तेव्हा बोलणी तुम्हीच खाता.