मदत हवी आहे: अ‍ॅमस्टरडॅममध्ये तीन दिवस, सोबत 74 वर्षांचे बाबा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन अ‍ॅमस्टरडॅमला जायचं ठरतंय. भाऊ ड्युसेलडॉर्फला असतो, तिथून थेट रेल्वेने येऊ. हातात पूर्ण तीन दिवस आहेत. बाबा 74 वर्षांचे. सपाटीवर अर्धा तास चालतात, पण उजव्या गुडघ्यामुळे जिने चढवत नाहीत. आईची कशालाच ना नसते.

आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे. तिथली सतराव्या शतकातली डच वखार इथे काही जणांनी पाहिली असेल. आता पडक्या भिंतीच उरल्यात. बाबांचं लहानपण त्या भिंतींच्या आसपास गेलं. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करताना डचांना वेंगुर्ल्याचा कसा उपयोग झाला, हे त्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही मोठे झालो. तिकिटांचा विषय निघाला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माका तेंचा घर बघूक व्हया."

सहलींचे जे कार्यक्रम पाहिले त्यात पवनचक्क्या, चीज आणि तासभर बोट एवढंच दिसलं. ते बघूच, पण बाबांना दाखवायचंय ते डच ईस्ट इंडिया कंपनीचं, म्हणजे व्हीओसीचं गाव. त्या कंपनीचं नेमकं काय काय अजून उभं आहे? एका दिवसात, मध्ये मध्ये बसत, ते बघून होईल का? आणि नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँकचं घर आईला फार बघायचंय, पण बाबांना तिथे झेपेल का?

कालवाकाठ:
तुमच्या बाबांची इच्छा वाचून फार बरं वाटलं. मी अ‍ॅमस्टरडॅमला लागूनच असलेल्या अ‍ॅम्स्टलव्हेनला राहतो, हा सगळा भाग पायाखालचा आहे.

'तेंचा घर' खरोखरच उभं आहे. आउडे होख्स्ट्राट या गल्लीत ओस्ट-इंडिश हाउस म्हणून विटांची जुनी इमारत आहे. 1602 मध्ये कंपनी स्थापन झाली आणि लवकरच तिचा कारभार इथून सुरू झाला. कंपनीचे सतरा संचालक इथे बसायचे. आता तिथे विद्यापीठ आहे. कामाच्या दिवशी जा, म्हणजे आतल्या चौकात जाता येईल. बाहेर पाटी-बिटी फार नाही, माहीत नसेल तर माणूस समोरून निघून जातो. बाबांना त्या चौकात निवांत उभं राहू द्या.

तिथून हळूहळू चालत दहा-पंधरा मिनिटांत मॉन्टेलबान बुरूज लागतो, आउडस्खान्स कालव्याच्या काठी. मला विचाराल तर तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची जागा हीच. मोठी जहाजं उथळ पाण्यामुळे भरलेली शहरापर्यंत येऊ शकत नव्हती, ती उत्तरेला टेक्सेल बेटापाशी नांगरून असायची. खलाशी या बुरुजापाशी जमायचे आणि लहान होड्यांनी तिकडे जायचे. वेंगुर्ल्याला पोचलेल्यांतले कितीतरी इथूनच निघाले असतील.

आणखी थोडं पुढे सागरी संग्रहालय, स्खेपफार्टम्युझियम. इमारत 1656 ची, मुळात नौदलाचं कोठार. धक्क्याला 'अ‍ॅमस्टरडॅम' या व्हीओसी जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती असते. मूळ जहाज 1749 मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या किनाऱ्याला रुतलं. निघण्याआधी प्रतिकृती बघायला खुली आहे का ते संकेतस्थळावर बघा. संग्रहालयात बसायला जागा आहे, दुपार तिथेच काढा.

रेवसकर:
अ‍ॅन फ्रँकच्या घराबद्दल: जुन्या भागातले जिने उभे आणि अरुंद आहेत, बाबांना नेऊ नका. तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची खुली होतात आणि भराभर संपतात. तुम्ही आणि आई जा, तोवर बाबा समोरच्या प्रिन्सेनग्राख्त कालव्याच्या काठी बाकावर बसू शकतील.

हॉटेल घेताना लिफ्ट आहे का हे विचारूनच घ्या. कालव्याकाठच्या जुन्या अरुंद घरांतली हॉटेलं दिसायला सुंदर, पण जिने शिडीसारखे. आमच्या सासूबाईंचे तिथे फार हाल झाले.

राइक्सम्युझियम या राष्ट्रीय कलासंग्रहालयात लिफ्ट आहेत, चाकाची खुर्चीही मिळते. रेम्ब्रांटचं 1642 मधलं 'नाइट वॉच' बघालच. पण त्यांच्याकडे बंगालमधल्या हुगळीच्या डच वखारीचं 1665 मधलं मोठं चित्रही आहे. ते तेव्हा दालनात लावलेलं आहे का ते आधी बघून ठेवा. वेंगुर्ल्याच्या माणसाला ते बघताना काय वाटेल!

कालवाकाठ:
हुगळीचं चित्र मी विसरलोच होतो, धन्यवाद. बोट संध्याकाळची घ्या. रेखुलिर्सग्राख्त कालव्यावर एकामागे एक सात पुलांच्या कमानी दिसतात, त्यांवर दिवे लागतात. घरांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि आकडा बाबांना दाखवा. अरुंद जिन्यांवरून माल नेता येत नसे, म्हणून तो दोरीने वर ओढून माळ्यावर भरत. आणि लालसर रस्ता दिसला की तो सायकलींचा. त्यावर थांबू नका, सायकली फार वेगात येतात.

मूळ प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. बुरुजाचं नाव त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि वहीत देवनागरीत लिहून ठेवलं. पहिला दिवस पूर्ण त्यांचा. अ‍ॅन फ्रँकची दोन तिकिटं मंगळवारी काढते. आता लिफ्ट असलेलं, ट्रामच्या थांब्याजवळचं एखादं साधं हॉटेल कुणी सुचवेल का?