विंटर टायर हे दुकानदारांचं खूळ? नाही पटलं

ओंटारियोकर:
हिशेबी यांनी काल लिहिलं की टोरोंटोत नव्याने आलेल्यांनी विंटर टायरच्या नादी लागू नये, रस्त्यावर मीठ पडतं, ऑल-सीझन म्हणजे नेहमीचे साधे टायर पुरतात, बाकी सगळं दुकानदारांनी घातलेलं खूळ. नवी मंडळी हे खरं मानून गाडी काढतात, म्हणून लांबण लावतोय.

मुद्दा बर्फापेक्षा रबराचा आहे. पारा ७ अंशांच्या खाली गेला की साधं रबर कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं उणे वीसमध्येही मऊ राहतं, शिवाय त्याच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. आणि मिठाचं म्हणाल तर उणे पंधराच्या पुढे ते फारसं कामच करत नाही.

आमचा इथला पहिला जानेवारी. बॅरीहून हायवे ४०० ने परत येत होतो. जॉर्जियन बेवरून हिमाचा असा लोट आला की पुढची गाडी दिसेना. एक्झिटच्या उतारावर ब्रेक दाबला, एबीएस (चाकं अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा) कडकडलं आणि गाडी तशीच सरळ कठड्याला जाऊन भिडली. मागे चार वर्षांची मुलगी. तिला खरचटलंही नाही, पण माझे हात तासभर थरथरत होते. टायर ऑल-सीझनच होते, नवेकोरे.

हिशेबी:
वाईट झालं. पण चार टायर, चार रिम, वर्षातून दोनदा बदलायची मजुरी, आणि कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, ते ठेवायचे कुठे? बाल्कनीत? दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसाचं पहिलं वर्ष भाड्यातच संपतं. ओंटारियोत सक्ती नाही. मी नऊ हिवाळे ऑल-सीझनवर काढलेत, एक ओरखडा नाही. फार बर्फ पडलं तर गो ट्रेनने, म्हणजे इथल्या लोकलने जातो. वर गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, इंजिनचा जोर चारही चाकांना.

मॉन्ट्रियलची_माई:
अरे बाबा, ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करतं, थांबवायला नाही. ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत असतात. आमच्या क्युबेकमध्ये २००८ पासून सक्ती आहे, आता १ डिसेंबर ते १५ मार्च. इथेही लोक दोन बॅगा घेऊनच येतात.

ब्रॅम्प्टनवासी:
सक्तीचं कौतुक पुरे. आधी विम्याचं बोला. २०१६ पासून ओंटारियोत विंटर टायरवर विम्यात सूट देणं बंधनकारक झालं. मी टायर घातले, पावती पाठवली, जेवढी सूट मिळाली त्याहून जास्त हप्ता पुढच्या नूतनीकरणात वाढला. चौदा वर्षांत एक दावा नाही! माझा धाकटा भाऊ ओकव्हिलला राहतो, तीच गाडी, तेच वर्ष, आणि हप्ता माझ्यापेक्षा कितीतरी कमी. गुन्हा काय, तर पोस्टल कोड.

हिशेबी:
हे मात्र शंभर टक्के. मी मिसिसागाहून मिल्टनला गेलो तर हप्ता उतरला. माणूस तोच, हात तेच.

नवा_पाहुणा:
म्हणजे घर घेताना आधी विम्याचा भाव काढायचा? आम्ही पुढच्या महिन्यात ब्रॅम्प्टनलाच बघतोय.

ब्रॅम्प्टनवासी:
सही करायच्या आधी तीन ठिकाणचे भाव घ्या. मी घेतले नाहीत, अजून भोगतोय.

ओंटारियोकर:
धागा टायरचा आहे. विम्यासाठी वेगळा काढा ना.

ब्रॅम्प्टनवासी:
तुम्ही ब्रेक उशिरा दाबला आणि खापर टायरवर फोडलंत, ते चालतं होय धाग्यात?

ओंटारियोकर:
मुलगी होती हो गाडीत. वेग ४० होता. हे शब्द मागे घ्या.

मॉन्ट्रियलची_माई:
ब्रॅम्प्टन, चुकलास.

ब्रॅम्प्टनवासी:
मुलीचं लक्षात राहिलं नाही. मागे घेतो. विम्याबद्दलचं एक अक्षर मागे घेत नाही.

म्युनिकवाली:
जर्मनीत तारखेची सक्ती नाही, रस्ता निसरडा असेल तर योग्य टायर हवेत. ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाचं चिन्ह नसलेला टायर त्यात धरत नाहीत, ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक दंडाचा पॉइंट. पण हे चिन्ह असलेले बारमाही टायर चालतात. मी तेच वापरते, बदलाबदल नाही, तळघरात ढीग नाही.

ओंटारियोकर:
इथे त्यांनाच ऑल-वेदर म्हणतात. चिन्हाची चाचणी दाबलेल्या हिमावरच्या पकडीची असते, काचेसारख्या बर्फावर थांबण्याची नाही. तरी साध्या ऑल-सीझनपेक्षा खूप बरे, हे मान्य.

हिशेबी:
डिसेंबरात आई येतेय, तिला नायगारा दाखवायचाय. ऑल-वेदर घेतो. रिम नाही, बाल्कनी मोकळी. विंटर टायर घेतले असं कुणी म्हणू नये. सध्या दोनच घेतले पुढच्या चाकांना, तर चालेल ना?

ओंटारियोकर:
अजिबात नाही. पुढे पकड आणि मागे जुने, म्हणजे वळणावर मागचा भाग आधी सुटतो आणि गाडी गरकन फिरते. चारही एकसारखे घ्या.

हिशेबी:
बरं. चार.