एकच आठवण दोघी बहिणींची असेल, तर ती लिहायची कोणी?

प्रश्न

आईला जाऊन दोन वर्षे झाली. तिच्या अखेरच्या आजारपणावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. त्याचा गाभा असलेला प्रसंग असा : एका रात्री आईने मला जवळ बसवून, लग्नाआधी तिला आलेल्या आणि कपाटात तळाशी जपून ठेवलेल्या काही पत्रांविषयी सांगितले, आणि ती जाळून टाकण्याचे वचन घेतले. ती पत्रे वडिलांची नव्हती. खर्डा थोरल्या बहिणीला वाचायला दिला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हे आईने मला सांगितले होते. तू त्या रात्री खोलीत नव्हतीसच." मला तर आईचा आवाज अजून ऐकू येतो. हा प्रसंग मी काढून टाकावा का?

पहिले उत्तर

तुम्ही खोटे लिहीत आहात असे मला मुळीच वाटत नाही, आणि तुमच्या ताईही खोटे बोलत नसाव्यात. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच मांडले होते की आठवण ही जपून ठेवलेली वस्तू नसून दर खेपेला नव्याने रचली जाणारी गोष्ट असते. पुढे २००१ मध्ये जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकच प्रसंग आपल्याच बाबतीत घडला, असे दोघेही मनापासून सांगत असल्याची उदाहरणे नोंदली आहेत. ताईंनी तो प्रसंग तुम्हाला नंतर कधी इतक्या बारकाईने सांगितला असेल की तुम्ही त्या खोलीत जाऊन बसलात, हे शक्य आहे. उलटही शक्य आहे. निवाडा करत बसू नका. ताईंचे ते वाक्य जसेच्या तसे लेखात येऊ द्या, कारण माझ्या मते तुमच्या खर्ड्यातले सर्वांत जिवंत वाक्य तेच आहे आणि ते तुमचे नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तर मला पटले, तरी त्यात मूळ अडचण बाजूला राहिली असे वाटते. रात्री खोलीत कोण होते, यापेक्षा आईने जे जाळायला सांगितले ते चारचौघांत मांडायचे का, हा प्रश्न अधिक कठीण आहे. गेलेल्या माणसाची परवानगी मागता येत नाही, आणि ते आपल्यावर रागावणारही नाही, याचा आपण नकळत फायदा घेतो. (मी स्वतः घेतला आहे, म्हणून इतक्या खात्रीने लिहितो.) लिहिणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी समजा. पत्रे कोणाची होती, त्यांत काय होते, हे गाळूनही आईने काहीतरी जपले आणि अखेरीस ते नष्ट व्हावे असे तिला वाटले, एवढे सांगता येते. वाचकाला याहून अधिक कळण्याची गरज नाही.

तिसरे उत्तर

थोडे वेगळे सुचवतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक घटनांविषयी लिहिले. लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्यापैकी ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्यातील खेपा कमी झाल्या. ते लेखन कोणाला दाखवण्यासाठी नव्हते. तुमचा पहिला खर्डाही तसाच होता, असे मानून बघा. तो ठेवून द्या आणि 'असह्य', 'हृदयद्रावक' असे शब्द न वापरता, त्या खोलीत काय काय होते एवढेच पुन्हा लिहा. जिथे तपशील सुचणार नाही, तिथे बहुधा ताईंची आठवण सुरू होत असेल.

प्रश्नकर्ती

तिघांचीही आभारी आहे. पत्रांतला मजकूर काढून टाकला. खोलीचे वर्णन लिहायला बसले, तर दिवा कोणत्या बाजूला होता हे मला सांगता येईना. मग काल ताईला विचारले की पत्रे कोणी जाळली. ती म्हणाली, "आपण दोघींनी. तू काडी ओढलीस आणि मी वारा अडवला." माझ्या आठवणीत तिथे मी एकटीच उभी आहे, पण वारा मात्र खरोखरच नव्हता. लेख आता तिथून सुरू केला आहे.