भाला सोडून बेसबॉल? रिंकू सिंगचं पुढं काय झालं

कृष्णाकाठ: पुतण्या साताऱ्यात शाहू स्टेडियमवर भाला फेकतो, आता कुणीतरी डोक्यात बेसबॉल घातलंय, रिंकू सिंगसारखं जमंल का?

वाईकर: केकेआरवाला??

माणदेशी: तो नव्हं ओ, भदोहीचा. भालाफेकवालाच होता, २००८ ला अमेरिकेतल्या पायरेट्स ह्या बेसबॉल टीमनी घेतला, डावखुरा रिलीव्हर, म्हणजे पहिला पिचर (चेंडू टाकणारा) दमला की मधीच येऊन दोन-चार बॅटर काढायचे अन् परत बाकावर. २०११ मधी सिंगल-ए पर्यंत, म्हणजे खालच्या लीगातल्या एका पायरीपर्यंत गेला, मग दुखापती. मेजर लीग, म्हणजे सगळ्यात वरची, राहिलीच, २०१८ ला गडी डब्ल्यूडब्ल्यूईत.

वाईकर: कुस्तीच करायची तर सातारा काय वाईट होतं 😂

माणदेशी: खालच्या लीगात पगारबी तेव्हा सीझनपुरताच मिळायचा. आधी पुतण्याचं कोपर दाखवून घ्या डॉक्टरला.

कृष्णाकाठ: कोपर दुखतंयच ओ, रोज बर्फ लावतोय.